फायबर सिमेंट साईडिंग, पहिला हिवाळा काढल्यावर: फळ्यांआधी किक-आउट फ्लॅशिंगचं विचारा

सिएटलच्या उपनगरातलं आमचं घर नव्वदच्या दशकातलं. मूळ साईडिंग, म्हणजे बाहेरच्या भिंतींवरचं फळ्यांचं आवरण, लाकडाचा लगदा दाबून केलेलं, खालच्या कडा फुगून पोचट झालेल्या. या भागात त्या काळातलं घर घेतलेल्यांना वेगळं सांगायला नको. गेल्या उन्हाळ्यात दक्षिण आणि पश्चिम अशा दोनच बाजू बदलून तिथे फायबर सिमेंटच्या, म्हणजे सिमेंटमध्ये तंतू मिसळून केलेल्या, फळ्या लावल्या. इथली हिवाळी वादळं बहुतेक नैर्ऋत्येकडून येतात, पावसाचा मारा याच बाजूंवर. बाकीच्या धडधाकट फळ्या केवळ सगळं एकसारखं दिसावं म्हणून उपटून टाकणं मला पटलं नाही. चारही बाजू केल्या तरच येऊ म्हणणाऱ्या कंत्राटदारांना मी सरळ नाही म्हटलं.

माल चांगला आहे. फुगत नाही, कुजत नाही, रंगही जसाच्या तसा आहे. पण भिंत वाचते ती फळीमुळे नाही, हे आता मी छातीठोकपणे सांगतो.

गॅरेजचं उतरतं छप्पर जिथे घराच्या भिंतीला चिकटून खाली येतं आणि टोकाला गटर, म्हणजे छपराचं पाणी वाहून नेणारी पन्हळ, सुरू होतं, तो कोपरा बघा. छपरावरचं पाणी भिंतीच्या कडेने धावत येतं. टोकाला त्याला बाहेर वळवणारा पत्रा नसेल तर त्यातलं बरंचसं गटरात न पडता साईडिंगच्या मागे शिरतं. तो वळवणारा पत्रा म्हणजे किक-आउट फ्लॅशिंग. दहा-पंधरा डॉलरची वस्तू. आमच्याकडे ती कधी बसवलीच नव्हती.

जुन्या फळ्या काढल्या तेव्हा त्या टोकाखाली हाउसरॅप (फळ्यांमागचं पाणीरोधक कापड) काळा पडलेला आणि मागचं ओएसबी, म्हणजे लाकडाच्या चिपट्या दाबून केलेला तक्ता, चहात बुडवलेल्या खारीसारखं हातात आलं. स्टडमध्ये, म्हणजे भिंतीच्या उभ्या लाकडी खांबात, स्क्रू-ड्रायव्हर नुसत्या हाताने आत गेला. आणि तिथून तीन-चार फुटांवर तेच ओएसबी कोरडं, पिवळंधमक, कारखान्याचा शिक्कासुद्धा वाचता येईल असं. एवढी वर्षं त्या एका कोपऱ्यात पाणी मुरत होतं. बाहेरून दिसत होता फक्त रंगाचा एक फुगवटा.

एवढं डोळ्यांसमोर असताना कंत्राटदाराच्या माणसांनी कुजलेलं बदललं आणि पुन्हा किक-आउटशिवायच फळ्या ठोकल्या. विचारलं तर म्हणे सीलंट भरलंय. सीलंट उन्हाथंडीत ताणून काही वर्षांत भेगाळतं, त्याच्या भरवशावर भिंत सोडायची? फळ्या बनवणाऱ्या कंपनीच्या इन्स्टॉलेशनच्या कागदांत किक-आउट स्पष्ट दाखवलंय, ते पान मी पुढे केलं. त्यावर ‘कोटेशनमध्ये नाही, जादा पैसे लागतील’. मी शेवटचा हप्ता रोखला. मग आले आणि गटरच्या तुकड्यातून जागेवरच वाकवलेलं काहीतरी लावून गेले, ज्याचा कोपरा उघडाच. पुन्हा भांडलो. अखेर एकसंध, चार इंच उंचीचं बसलं. दहा डॉलरच्या पत्र्यासाठी माझा ऑगस्ट महिना गेला, याचा राग अजून आहे.

नोव्हेंबरात मी मित्रांना सांगत होतो की किक-आउट लावा, बाकी सगळी बिल फुगवायची कामं. त्यात मी रेनस्क्रीनही धरलं होतं, म्हणजे फळ्यांमागे उभ्या पट्ट्या मारून सोडलेली फट. पैसे वाचवायला ती फक्त पश्चिमेला केली, दक्षिणेला फळ्या थेट हाउसरॅपवर. जानेवारीतल्या एका वादळानंतर पश्चिमेच्या भिंतीच्या तळाशी असलेल्या जाळीतून थेंब थेंब पाणी बाहेर येताना बघितलं. नव्या कोऱ्या, नीट बसवलेल्या फळ्यांमागेही पाणी जातं, फक्त इथे त्याला बाहेर पडायला वाट होती. तेव्हापासून रेनस्क्रीनचा खर्च मला रास्त वाटतो. इथे वर्षाला साधारण 950 मिलिमीटर पाऊस, मुंबईच्या निम्माही नाही. पण ऑक्टोबर ते एप्रिल रिपरिप चालू, ऊन नावाला. मुंबईत मुसळधार चार महिन्यांनी थांबतो आणि भिंती तापून सुकतात. इथे ओल एकदा आत गेली की महिनोन्‌महिने आतच बसते.

त्या कोपऱ्यामागे घराच्या आतल्या बाजूला ड्रायवॉलचा (आतल्या भिंतीच्या जिप्समच्या तक्त्याचा) कापलेला चौकोन मी मुद्दाम बंद केलेला नाही. फळ्या उघडल्या तेव्हा मॉइश्चर मीटरने 30 टक्क्यांच्या वर आकडा दाखवला होता. साधारण 20 च्या वर लाकूड राहिलं तर कुज धरायची भीती असते. फेब्रुवारीत आठवडाभर झड लागल्यावरही त्याच जागी 14 होतं.

खिडक्यांच्या वरच्या फ्लॅशिंगवर, म्हणजे पाणी वळवणाऱ्या पत्र्यावर, कुणी सीलंटची रेघ ओढत असेल तर थांबवा, आत गेलेलं पाणी तिथूनच बाहेर यायचं असतं. फळ्यांच्या कापलेल्या कडांना रंग लागलाय का तेही बघा, आमच्या दोन-तीन राहिल्या होत्या.

उत्तरेच्या बाजूलाही छपराचं असंच एक टोक आहे, किक-आउटविना. तिथल्या दोन-तीन फळ्या सोडवून जुलैत ते बसवायचंय. शेजाऱ्याचं घर त्याच बिल्डरचं, त्याच्याकडेही हाच कोपरा. दोघांचं एका दिवसात उरकलं तर मजुरी वाटून घेता येईल. कंत्राटदार वेगळा बघतोय, आणि कोटेशनवर ‘एकसंध किक-आउट, किमान चार इंच’ असं लिहून घेतल्याशिवाय ॲडव्हान्स द्यायचा नाही असं आमचं ठरलंय.