ढलप्यांवर धिंगरी अळंबी : एका पावसाळ्यानंतर

लाकडाच्या ढलप्यांवर, तेही उघड्या परसात, बेळगावात धिंगरी (ऑयस्टर) अळंबी येते का असं बरेच जण विचारतात. येते. वडगावात आमच्या फणसाखालचा वाफा मिरगात भरला आणि दिवाळी झाली तरी भाजी निघतेय. पण आज लिहायला बसलोय ते बियाच्या, म्हणजे दाण्यांवर वाढवलेल्या अळंबीच्या बुरशीच्या, पिशवीवर तारीख नसते म्हणून.

पहिलं बी ऑनलाइन मागवलं. कुरिअर गोदामात पडून राहिलं आणि हातात आलं तेव्हा ज्वारीच्या दाण्यांखाली पिवळं पाणी, आंबूस वास, कोपऱ्यात हिरवट ठिपका. चांगल्या बियात दाणान् दाणा पांढऱ्या बुरशीनं मढलेला असतो, वास ताज्या अळंबीचा येतो. विकणाऱ्याला फोन केला तर म्हणे, "तसंच मिसळा, येतंय." फोटो पाठवले तर म्हणे, "चोवीस तासांत कळवायचं होतं." अहो, दुधाच्या पिशवीवर तारीख असते. बीसुद्धा जिवंत वस्तू आहे, उष्म्यात मरते. तयार कधी केलं तेच छापलं नाही तर गिऱ्हाइकानं जुनं-नवं ओळखायचं कशावरून? पैसे परत मिळाले नाहीत. माझ्या दृष्टीनं ही सरळ फसवणूक आहे.

मग बेंगळुरातल्या भाच्याला हेसरघट्ट्याच्या भारतीय बागायती संशोधन संस्थेतून बी आणायला सांगितलं. राणी चन्नम्मा एक्सप्रेसनं रातोरात आलं, उन्हाची झळ नाही. पिशवी उघडली तर आत पांढरीशुभ्र गाठ.

ढलप्या वखारीतल्या, ताज्या कापलेल्या आंब्याच्या. वखारवाले मामा म्हणाले, "घेऊन जावा की, चुलीलाच जातंय ते." पोत्याला साठ रुपये घेतले. सागवान नको, त्याच्या अंगचं तेल बुरशीला दाबतं. प्लायवूडचा भुसा तर मुळीच नको, त्यात चिकटवायचं रसायन असतं. नुसता करवतीचा भुसाही दबून बसतो, हवा खेळत नाही. ढलप्या रात्रभर भिजवून, उकळत्या पाण्यातून काढून, निथळून घेतल्या. खाली ओला पुठ्ठा, मग ढलप्या आणि बी थरावर थर, वरून ओलं गोणपाट.

श्रावणापर्यंत माझं मत वाईटच होतं. वाफ्याच्या बाजूलाच मी भाताच्या पिंजराच्या पिशव्या भरल्या होत्या, त्यांचा तोडा महिन्याभरात आला. ढलप्या ढिम्म. तेव्हा कुणी विचारलं असतं तर पिंजरच घ्या म्हटलं असतं. लाकूड टणक, बुरशीला आत शिरायला दोन-तीन महिने लागतात. भाद्रपदात झड थांबून गारवा आला आणि गोणपाटाच्या कडेला टाचणीच्या डोक्याएवढे करडे ठिपके दिसले. बघता बघता तळहाताएवढ्या टोप्यांचा घोस. पिंजर तोवर कुजून गेलं होतं, लाकूड मात्र अजून देतंय. म्हणून मत बदललं : घाई असेल त्यानं पिंजर, अंगणात सावली असेल त्यानं ढलप्या.

टोपीची कड वर वळायच्या आत तोडा. उशीर झाला की पांढरी भुकटी उडते आणि घरात खोकला लागतो. गोगलगाई रात्री टॉर्च लावून वेचाव्या लागतात, दुसरा इलाज नाही.

आणि हे नीट वाचा. उघड्या वाफ्यात परकी छत्री, म्हणजे भलतीच अळंबीही उगवते. धिंगरीचे टोपीखालचे पडदे देठावर खाली उतरत जातात. टोपी काळ्या कागदावर रात्रभर पालथी ठेवली तर पांढरट ठसा पडतो. हिरवट ठसा पडणारी मोठी पांढरी छत्री पावसाळ्यात हिरवळीवर येते, ती विषारी आहे. खानापूरकडची वारुळावरची अळंबी ओळखणारी माणसंसुद्धा शंका आली की टाकून देतात. तुम्हीही टाका. कच्ची तर कुठलीच खाऊ नका.

काळ्या पडलेल्या ढलप्या केळीच्या बुडाला घातल्या आहेत, आणि वाफ्यावर आंब्याचा नवा थर चढवलाय.