टचचा मोबाईल सोडायचाय? बटनाचा घ्यावा, आहे त्यालाच लगाम घालावा, की दोन्ही ठेवावेत?

लातूर-नांदेडकडे मोबाईलच्या दुकानात बटनाचा फोन मागायला आता फक्त म्हातारी माणसं येत नाहीत. पंचविशीतली पोरं, मोंढ्यातले मुनीम, शाळेतले सर, शेतकरी, सगळे विचारतात, ‘हा घेतला तर टचचा सुटेल का?’ कारण बहुतेकांचं सारखंच असतं. जेवण झाल्यावर पाच मिनिटांसाठी म्हणून फोन हातात घ्यायचा आणि मान वर करेपर्यंत सगळं घर झोपलेलं असायचं.

याला फक्त मनाचा कमकुवतपणा समजू नका. 5 सप्टेंबर 2016 ला जिओ आलं आणि डेटा पाण्याच्या भावात मिळू लागला. 2020 च्या जूनअखेर टिकटॉकवर बंदी आली आणि काही दिवसांतच इन्स्टाग्रामने भारतात रील्स सुरू केले. या सगळ्या ॲपची रचना अशी की खाली तळच नाही. बोट वर सरकवलं की पुढचा व्हिडिओ तयार. तो कसा निघेल हे माहीत नसतं, म्हणूनच हात थांबत नाही. जी गोष्ट थांबू नये म्हणूनच बनवली आहे, तिच्याशी रोज रात्री दमलेल्या मनाने झुंजायचं आणि हरलो की स्वतःला दोष द्यायचा, हे मला पटत नाही. म्हणून फोन बदलायचा विचार मला हट्टाचा वाटत नाही, शहाणपणाचा वाटतो. फक्त कोणता फोन, हे प्रत्येकाच्या कामावर अवलंबून आहे.

ठरवण्याआधी दोन-चार दिवस एक कागद खिशात ठेवा. फोन उचलला की का उचलला ते लिहा. एका बाजूला काम : कॉल, पैसे, ओटीपी, सोयाबीनचा भाव, पोराच्या क्लासचा निरोप. दुसऱ्या बाजूला चाळा. चाळ्याची बाजू लांबलचक होणार, त्याने घाबरू नका. आपल्याला बघायची आहे ती कामाची बाजू, कारण फोन तिच्यावरून निवडायचा आहे.

आहे त्याच फोनला लगाम

यात खर्च नाही, म्हणून सगळे इथूनच सुरुवात करतात. अँड्रॉइडमध्ये डिजिटल वेलबीइंग असतं, त्यात ॲपला रोजची वेळ ठरवून देता येते. पडदा काळा-पांढरा करता येतो. इन्स्टाग्राम काढून टाकता येतं. युट्यूब बऱ्याच फोनवरून निघत नाही, पण सेटिंगमध्ये जाऊन बंद करता येतं.

माझं मत स्पष्ट आहे. ज्याची सवय अजून हाताबाहेर गेलेली नाही, त्याला एवढं पुरतं. बाकीच्यांना पुरत नाही, कारण कुलूप आणि किल्ली एकाच हातात राहते. वेळ संपल्याची सूचना आली की सेटिंगमध्ये जाऊन ठरवलेली वेळ काढून टाकून माणूस आत शिरतो. घरातल्या दुसऱ्या कुणाकडून पासवर्ड टाकून घेतला तर थोडा फरक पडतो.

मात्र काही लोकांना यावाचून गत्यंतर नाही. अंगणवाडी ताईंना पोषण ट्रॅकरमध्ये रोजची नोंद करावी लागते. डिलिव्हरी करणाऱ्या पोरांची भाकरीच ॲपवर आहे. शाळेचे सर, आशाताई, बँकेचे प्रतिनिधी यांनाही वरून येणारी माहिती ॲपवरच भरावी लागते. अशांनी दिवसा साध्या फोनचा विचार सोडून द्यावा आणि रात्रीचा करावा. त्याबद्दल पुढे लिहिलं आहे.

निव्वळ बटनाचा फोन

हजार-दीड हजारात येतो, चार्जिंग दोन-तीन दिवस तरी टिकतं, उजेडाला टॉर्च असते, हातातून पडला तरी छातीत धस्स होत नाही. पण घेताना पहिली गोष्ट सिमची बघा. जिओचं जाळं फक्त 4जी आणि 5जीचं आहे, त्यामुळे जुन्या पद्धतीच्या 2जी फोनमध्ये जिओचं सिम चालतच नाही. एअरटेल, व्हीआय आणि बीएसएनएलचं चालतं. तरीही नवा घेत असाल तर 4जी आणि व्होल्टी (VoLTE, म्हणजे 4जीवरून कॉल) लिहिलेलाच घ्या. आवाज साफ येतो आणि पुढे कंपनी बदलावीशी वाटली तर अडत नाही.

दुसरी गोष्ट रिचार्जची. डिसेंबर 2024 मध्ये ट्रायने, म्हणजे दूरसंचार नियामकाने, कंपन्यांना फक्त कॉल आणि एसएमएसचे पॅक देणं बंधनकारक केलं आणि जानेवारी 2025 पासून ते मिळू लागले. 84 दिवसांचा असा पॅक सुरुवातीला साडेचारशे ते पावणेपाचशेच्या घरात होता. दुकानदार स्वतःहून हा पॅक क्वचितच सांगतो. ‘नेट नको, नुसतं कॉलचं टाका’ असं आपणच म्हणायचं.

आता कामं कुठे अडतात ते बघू. सगळ्यात मोठी धास्ती पैशांची असते. *99# ही सोय इंटरनेटशिवाय चालते. बँकेत जोडलेल्या नंबरवरून हे डायल केलं की पडद्यावर यादी येते. 1 दाबून पैसे पाठवायचे, समोरच्याचा मोबाईल नंबर किंवा यूपीआय आयडी टाकायचा, रक्कम, मग पिन. पहिल्यांदा नोंदणी करताना डेबिट कार्डाचे शेवटचे सहा आकडे आणि मुदत लागते. एका वेळी पाच हजारांपर्यंत जातात. याशिवाय रिझर्व्ह बँकेने 8 मार्च 2022 ला खास साध्या फोनसाठी यूपीआय 123पे सुरू केलं. त्यात कॉल करून पैसे पाठवता येतात. त्याची मर्यादाही आधी पाच हजार होती, ती दहा हजार करायचा निर्णय ऑक्टोबर 2024 मध्ये झाला.

कागदावर हे छान दिसतं, टपरीवर काय होतं ते ऐका. चहा झाला, वीस रुपये द्यायचे. तुम्ही *99# लावता. रेंज एका दांडीवर असेल तर मधेच यादी गायब होते, पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. मागे दोन गिऱ्हाईकं उभी. शेवटी मालकाच्या मोबाईल नंबरवर पैसे जातात, पण पैसे आल्याचं ओरडून सांगणारा टेबलावरचा डबा बोलत नाही, कारण तो दुकानाच्या क्यूआरला जोडलेला असतो आणि पैसे बऱ्याचदा त्याच्या स्वतःच्या खात्यावर गेलेले असतात. मालक तुमच्याकडे बघतो, तुम्ही त्याच्याकडे. म्हणून बटनाचा फोन वापरणाऱ्याने खिशात सुट्टे पैसे ठेवावेत आणि *99# मोठ्या, सावकाश द्यायच्या पैशांसाठी राखून ठेवावं. किराणा, दूधवाला, ट्रॅक्टरचं भाडं यासाठी ते चांगलं चालतं.

ओटीपी एसएमएसनेच येतो, त्यामुळे आधारला आणि बँकेला जोडलेला नंबर या फोनमध्ये असला की सीएससी केंद्रावर बसून ई-केवायसी होऊन जाते. शेतातली मोटर चालू-बंद करायचा सिमवाला ऑटो स्टार्टर कॉलवर चालतो, त्याला टच लागत नाही. रात्री दोनला लाईट आली तरी अंथरुणातून मोटर सुरू करता येते, आणि लगेच फोन ठेवून झोपता येतं. हा फायदा छोटा नाही. टचच्या फोनवर मोटर लावायला उठलेला माणूस तासभर रील बघत बसतो. शेतीचा सल्ला हवा असेल तर किसान कॉल सेंटर 1800-180-1551 आहेच. बऱ्याच साध्या फोनवर 5 किंवा 9 चं बटन दाबून धरलं की आणीबाणीचा कॉल लागतो. नांदेड, बीड, धाराशिवचं आकाशवाणी एफएम मिळतं ते वेगळंच.

फसवणुकीतूनही एक बाजू सुटते. पीएम किसानच्या किंवा लग्नपत्रिकेच्या नावाने व्हॉट्सॲपवर येणाऱ्या एपीके फाईलने (उघडली की फोनमध्ये ॲप टाकणारी फाईल) अनेकांची खाती रिकामी झाली आहेत. ती फाईल बटनाच्या फोनवर उघडतच नाही. फसवे कॉल मात्र येत राहणार. ओटीपी कुणाला सांगू नका, आणि पैसे गेलेच तर क्षणाचाही वेळ न घालवता 1930 ला फोन करा.

जे खरंच तुटतं ते असं. व्हॉट्सॲप जातं, आणि त्याबरोबर आडतीचा सकाळचा भाव, सोसायटीची नोटीस, क्लासचे पेपर. ई-पीक पाहणी, म्हणजे आपल्या पिकाची सरकारी नोंद, राज्यभर 15 ऑगस्ट 2021 पासून ॲपवर आहे. शेतात उभं राहून फोटो काढावा लागतो, बटनाच्या फोनवर ते होत नाही. पण एकाच फोनवरून अनेक खातेदारांची नोंद करता येते, त्यामुळे भावकीतल्या एखाद्याचा फोन चालतो. विजेचा इशारा देणारं दामिनी ॲपही मिळणार नाही. मृगात वीज पडून आपल्याकडे दरवर्षी माणसं आणि गुरं जातात, तेव्हा ही उणीव मी हलकी धरत नाही. रानात जाणाऱ्या घरात एका तरी फोनवर दामिनी असलंच पाहिजे.

मधला मार्ग : यूपीआयवाला कीपॅड

कॅमेऱ्याने क्यूआर स्कॅन करून पैसे देता येतील असे 4जी कीपॅड फोन आता मिळतात. जिओभारत 2023 मध्ये 999 रुपयांना आला. त्यात जिओपेने स्कॅन होतं, पण सिम फक्त जिओचंच चालतं. एचएमडीनेही यूपीआय असलेले फोन काढले आहेत. टपरीवरचा वर सांगितलेला घोळ या फोनमुळे मिटतो, त्यामुळे शहरात राहणाऱ्याला निव्वळ बटनाच्या फोनपेक्षा हा जास्त सोयीचा.

फक्त घेताना आत काय काय भरलंय ते दुकानात उभं राहूनच बघा. जुन्या नावाच्या ओढीने लोक नोकिया 3210 चा 2024 चा नवा अवतार घेतात. त्याची किंमत भारतात 3,999 रुपये होती आणि त्यात युट्यूब शॉर्ट्स आहे. ज्यापासून पळायचं तेच पदरचे चार हजार घालून घरी आणण्यात अर्थ नाही. पडदा लहान असला म्हणून चाळा सुटत नाही, डोळे मात्र जास्त दुखतात. ‘व्हॉट्सॲप चालतं’ असं सांगून विकले जाणारे जुने कायओएसचे (कीपॅड फोनमधली एक प्रणाली) फोनही घेऊ नका, 2024 पासून तिथे व्हॉट्सॲप नव्याने टाकता येत नाही.

खिशात बटनाचा, घरात टचचा

बहुतेकांना मी हाच मार्ग सुचवेन. टचचा फोन विकायचा नाही, त्याची जागा बदलायची. तो घराच्या एका कोपऱ्यात, चार्जरला लावून, सगळ्या घराचा म्हणून राहील. व्हॉट्सॲप, पीक पाहणी, दामिनी, सातबारा, व्हिडिओ कॉल, जे काही असेल ते तिथे उभं राहून करायचं. खिशातून बाहेर जाताना फक्त बटनाचा.

व्हिडिओ कॉलचा मुद्दा बीडकडच्या घरांना नीट कळेल. आई-बाप ऊसतोडीला सांगली-कोल्हापूरकडे, लेकरं आजीपाशी. संध्याकाळी कोपीसमोर (उसाच्या फडावरच्या झोपडीसमोर) उभी राहून आई लेकराचं तोंड बघते, तेव्हा त्या फोनला व्यसनाचं साधन म्हणायला माझी जीभ रेटत नाही. अशा घराने टचचा मोडीत काढू नये. ठरलेल्या वेळी तो वापरला की झालं.

सिम कुठे ठेवायचं, हा इथला खरा पेच आहे. यूपीआय ॲपला नोंदणीचं सिम त्याच फोनमध्ये लागतं. व्हॉट्सॲप आजवर सिम दुसरीकडे असलं तरी वायफायवर चालत आलं, पण नोव्हेंबर 2025 मध्ये दूरसंचार विभागाने अशा ॲपना फोनमधल्या चालू सिमशी बांधून ठेवण्याचा आदेश काढला आहे. त्यामुळे त्या युक्तीवर घरी सगळी मांडणी करू नका. त्यापेक्षा जुना नंबर घरच्या फोनमध्येच ठेवा, बटनाच्या फोनसाठी दुसरा नंबर घ्या, आणि जुन्या नंबरचे कॉल सेटिंगमधून त्यावर वळवा. एसएमएस वळत नाहीत, म्हणून ओटीपीची कामं घरी बसूनच होतील, आणि माझ्या मते तेच बरं. दुसऱ्या रिचार्जचा खर्च वाढतो, तेवढा धरून चाला.

ज्यांना नोकरीमुळे दिवसभर टच लागतो, त्यांनी हेच रात्रीपुरतं करावं. जेवणानंतर टचचा कोपऱ्यात, उशाला बटनाचा. पहाटेचा गजर त्यातही आहे, आणि ‘गजर लागतो म्हणून जवळ ठेवतो’ ही सबब तेवढ्याने संपते.

लातूरला शिकणाऱ्या पोरांसाठी

मेडिकलच्या ‘नीट’ परीक्षेच्या तयारीला आलेल्या मुलांना अनेक होस्टेलवर बटनाचाच फोन ठेवू देतात, आणि तो नियम मला योग्य वाटतो. पण फोन काढून घेण्याआधी क्लासच्या नोट्स कशा येतात ते विचारा. टेलिग्रामवर येत असतील तर आठवड्याला प्रिंट काढायची सोय आधी लावा, नाहीतर मूल मित्राचा फोन मागत फिरतं आणि तिथे नोट्सपेक्षा बाकीचंच जास्त बघतं. घरी राहणाऱ्या लहान मुलांसाठी फोन बदलण्यापेक्षा वेळ बांधणं जास्त चालतं. उमरगा तालुक्यातल्या जकेकूरवाडीने संध्याकाळी सहा ते आठ भोंगा वाजवून टीव्ही-मोबाईल बंद ठेवायला सुरुवात केली होती, त्याआधी सांगलीच्या मोहित्यांचे वडगावने सात ते साडेआठ. तिथे मोठी माणसंही फोन ठेवतात, म्हणून ते लेकरांना पटतं. बाप रील बघतोय आणि पोराच्या हातात बटनाचा फोन, हे एक आठवडाही टिकणार नाही.

घ्यायला जाण्याआधी

तुमचे नंबर बहुधा सिममध्ये नसून गुगल खात्यात आहेत. सिम काढून नव्या फोनमध्ये घातलं की यादी रिकामी दिसेल आणि त्याच संध्याकाळी तुम्ही परत टचकडे वळाल. म्हणून रोज लागणारे पन्नास-साठ नंबर आधी वहीत उतरवा आणि हाताने भरा. सिम नॅनो असेल तर बऱ्याच कीपॅड फोनला अडॅप्टर लागतो, तो दुकानातच मागून घ्या. दुकानदाराला फोनचा मराठी मेनू लावून दाखवायला सांगा, आणि आवाज गर्दीत ऐकू येतो का ते रस्त्यावर उभं राहून तपासा.

आणि वेळ निवडा. पीक पाहणीची मुदत चालू असताना किंवा घरात कुणाच्या प्रवेशाच्या फेऱ्या सुरू असताना फोन बदलू नका. त्या दिवसांत एखादं काम अडलं की सगळा दोष नव्या फोनवर जातो. पाहणी उरकली आणि सोयाबीनची रास घरात आली, की मग मोंढ्यातून परत येताना घ्या.