नक्षी शाबूत, टायर फुटला : ट्रेलरच्या नव्या पाच टायरांबद्दल

आधी काय घेतलं ते सांगते, कारण बऱ्याच जणांना तेवढंच हवं असतं. 30 फुटी, दोन ॲक्सलचा ट्रॅव्हल ट्रेलर, म्हणजे पिकअपमागे ओढायचं फिरतं घर. त्याला गुडइयर एन्ड्युरन्स, एसटी 225/75 आर 15, लोड रेंज ई (टायर किती भार पेलतो त्याची श्रेणी, अक्षर पुढचं तितका भार जास्त), पाच नग. चार चाकांना आणि एक स्टेपनीला. ऑगस्ट 2023 मध्ये बसवले, त्यावर आतापर्यंत साधारण 11,000 मैल झाले. समाधानी आहे. पुन्हा घ्यायची वेळ आली तर हेच घेईन.

आता ज्यांना वेळ आहे त्यांच्यासाठी.

जुलै 2023. न्यू मेक्सिकोतला इंटरस्टेट 40, सांता रोझाच्या अलीकडे, दुपारचे दोन. आमचे हे गाडी चालवत होते, मी नेहमीप्रमाणे शेजारी वही घेऊन. मागून एक अठरा चाकी ट्रक आला, बाजूने पुढे जाताना त्याने दिवे उघडझाप केले, हॉर्न दिला. ह्यांना वाटलं, पुढे गेल्यावर वाट दिली म्हणून आभार मानतोय. मी आरशात पाहिलं तर ट्रेलरच्या डाव्या बाजूने काळ्या पट्ट्या उडत होत्या. गाडीत आम्हाला धक्का नाही, आवाज नाही, काही नाही. दोन ॲक्सलच्या ट्रेलरची हीच गंमत आहे: एक चाक गेलं तरी शेजारचं सगळा भार मुकाट उचलतं आणि ओढणाऱ्या गाडीला पत्ता लागत नाही.

थांबून पाहिलं. मागच्या डाव्या टायरची वरची पट्टी सोलून निघाली होती. तिने चाकाभोवतीचा फेंडर फोडला होता, ब्रेकची वायर ओढून तोडली होती आणि खालच्या पत्र्याला हातभर भोक पाडलं होतं. टायरपेक्षा त्या दुरुस्तीलाच जास्त पैसे आणि तीन आठवडे गेले.

मला राग कशाचा आला असेल तर त्या उरलेल्या तुकड्याचा. मी तो उचलून पाहिला. नक्षी नव्यासारखी खोल! निघायच्या आधी ह्यांनी टायरवर हात फिरवून "मस्त आहेत अजून" म्हटलं होतं, आणि मीही मान डोलावली होती. पंचवीस वर्षं कारखान्यात क्वालिटी इन्स्पेक्शनला काढलेल्या बाईने नुसत्या दिसण्यावर माल पास केला. साइडवॉलवरचे डॉट क्रमांकाचे शेवटचे चार आकडे वाचले असते तर कळलं असतं: 3917. म्हणजे 2017 सालचा 39वा आठवडा. जवळजवळ सहा वर्षांचे टायर. ट्रेलर वर्षातले दहा महिने उभा असतो, त्यामुळे नक्षी झिजतच नाही. ऊन, ओझोन आणि काळ मात्र रबराला आतून खात राहतात. मोटारीचे टायर झिजून जातात, ट्रेलरचे म्हातारे होऊन जातात. आता मी पाच वर्षं झाली की नजर ठेवते आणि सहाव्याच्या आत काढून टाकते, नक्षी कितीही सुंदर असो.

कंपनीचं नाव सांगत नाही. ते ट्रेलरसोबत आलेले टायर होते, आणि खरं सांगायचं तर गुन्हा एकट्या टायरचा नव्हता. साइडवॉलवर वेगाचं अक्षर नव्हतं, आणि अशा एसटी टायरला ताशी 65 मैलांच्या वर न्यायचं नसतं. आम्ही 70 वर होतो. (एसटी म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे लाल डबा येतो. इथे एसटी म्हणजे स्पेशल ट्रेलर. पहिल्या वर्षी मला दर वेळी हसू यायचं.)

घरी आल्यावर ह्यांनी लगेच कुठला ब्रँड चांगला ते शोधायला सुरुवात केली. मी म्हटलं, आधी वजन. ट्रेलर आहे किती जड हेच माहीत नसेल तर टायर कुठला घेणार? भरलेला ट्रेलर, पाण्याची टाकी भरून, सगळं सामान जागच्या जागी ठेवून ट्रक स्टॉपवरच्या कॅट स्केलवर, म्हणजे ट्रकच्या वजनकाट्यावर नेला. ट्रेलरच्या दोन्ही ॲक्सलवर मिळून 8,460 पौंड. 9,500 च्या मर्यादेत, पण हिचवरचं (ट्रेलर पिकअपला जोडतात तिथलं) वजन धरलं तर अगदी काठावर. ओतीव लोखंडाचे तीन तवे आणि ह्यांची अर्धी हत्यारपेटी तिथेच उतरली.

पण एकूण वजन फसवं असतं. ते चार चाकांत समान वाटलं जात नाही. नंतर आरव्हीवाल्यांच्या, म्हणजे फिरती घरं घेऊन हिंडणाऱ्यांच्या, एका मेळाव्यात प्रत्येक चाकाखाली सुटा काटा घालून वजन करून मिळालं. डावीकडे 2,380 आणि 2,210. उजवीकडे 1,980 आणि 1,890. स्वयंपाकघर, फ्रीज, बाहेर सरकणारी खोली, सगळं डावीकडे. आणि फुटलेला टायर कुठला? 2,380 वाला. जुने टायर लोड रेंज डी होते, 65 पीएसआय (हवेच्या दाबाचं माप) हवेला प्रत्येकी 2,540 पौंड. म्हणजे त्या चाकाला जेमतेम सहा टक्के मोकळीक. उन्हाळ्याची दुपार, 70 चा वेग, सहा वर्षांचं रबर आणि सहा टक्के. फुटला नसता तरच नवल.

त्याच आकारात लोड रेंज ई 80 पीएसआयला 2,830 पौंड पेलतो. मोकळीक सोळा टक्क्यांच्या आसपास जाते. चाक बदलायला नको, फेंडरमध्ये जागा तीच. फक्त एक अट: रिम तेवढ्या हवेला आणि वजनाला बनलेली हवी. ते रिमच्या मागच्या बाजूला कोरलेलं असतं. ट्रेलरखाली आडवी होऊन टॉर्चने वाचलं, चालणार होतं. हे न पाहता जास्त ताकदीचा टायर चढवणं म्हणजे गळक्या पिंपाला चांदीचा नळ बसवणं.

ह्यांच्या एका मित्राचा आग्रह होता की एसटीच्या नादी न लागता पिकअपचे एलटी टायर घाला, ते टिकतात. ऐकायला बरं वाटतं. पण 15 इंची रिमला मिळणारा नेहमीचा एलटी 235/75 आर 15, लोड रेंज सी, 50 पीएसआयला 1,985 पौंड पेलतो. माझं हलकं चाकच 1,980! सोळा इंची रिम असेल तर एलटीत 3,042 पौंड पेलणारेही मिळतात, तिथे तो विचार करता येतो. मोटारीचे टायर तर घालूच नका. ट्रेलरला लावले तर त्यांची क्षमता 1.10 ने भागून धरावी लागते, आणि मुळात साइडवॉल मऊ. ते का नको हे पाहायचं असेल तर कॅम्पच्या जागेत ट्रेलर मागे घेताना कुणाला तरी चाकांशी उभं करा. दोन्ही ॲक्सल सरळच राहतात, वळत नाहीत, त्यामुळे तीव्र वळणावर टायर आडवे फरफटतात आणि साइडवॉल अक्षरशः पिळवटते. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा माझ्याच पोटात पीळ पडला होता.

मग ब्रँड. माझ्या यादीत तीन उरले होते: मॅक्सिस एम 8008, कार्लाइल रेडियल ट्रेल एचडी आणि एन्ड्युरन्स. माझ्या आकारात तिन्ही लोड रेंज ई मध्ये, तिन्हींची क्षमता सारखी. एन्ड्युरन्स 2017 मध्ये आला, अमेरिकेत बनतो आणि वेगाचं अक्षर एन, म्हणजे ताशी 87 मैल. ह्यांना वाटलं आता 75 ने जाता येईल. नाही. आम्ही 62 ते 65 ने जातो, आणि कॅलिफोर्नियात तर ट्रेलर ओढताना मर्यादाच 55 आहे. वरचे 22 मैल हे उष्णतेविरुद्धचं बचतखातं आहे, खर्चायचे नाहीत.

आरव्हीवाले स्वस्त परदेशी टायरांना सरसकट 'चायना बॉम्ब' म्हणतात. मला ते पटत नाही. जड फिफ्थ व्हील (पिकअपच्या हौद्यात अडकवायचे मोठे ट्रेलर) ओढणारे कितीतरी जण सेलुन एस 637 वर खूश आहेत, आणि सेलुन चिनी कंपनी आहे. तो 16 इंचात लोड रेंज जी मध्ये येतो, 110 पीएसआयला 4,400 पौंड. माझी रिम 15 इंची म्हणून तो बाद, देशामुळे नाही. निम्मे 'बॉम्ब' माणसांनी कमी हवा आणि जास्त सामान भरून स्वतः तयार केलेले असतात, असा माझा संशय आहे.

टायर बसवणाऱ्या दुकानाला मात्र पाचातले दोनच तारे. पहिल्यांदा समोर आणले त्यांवर 4121. दोन वर्षांचे! काउंटरवरचा मुलगा म्हणाला, "नवेच आहेत मॅम, वापरलेले नाहीत." वापरले नाहीत हे खरं, पण सहा वर्षांतली दोन त्याच्या गोदामात गेली होती आणि किंमत तो सहा वर्षांची मागत होता. मी परत पाठवले. आठवड्याने 1423 चे पाच आले.

मग व्हॉल्व्ह. चाकं बसवून झाली, आणि पाहते तर साधे रबरी व्हॉल्व्ह, मोटारीला असतात तसे. ते 65 पीएसआयपर्यंतचे असतात. मी 80 भरणार. वर त्यावर हवेचा दाब दाखवणारे सेन्सर बसणार, त्यांचं वजन वेगळं. धातूचे, नटाने आवळायचे व्हॉल्व्ह मागितले तर पुन्हा सगळे टायर रिमवरून उतरवावे लागले. मुलगा वैतागला, पण त्याने ते केलं. तुम्ही जाल तेव्हा हे काम सुरू व्हायच्या आधी बोला.

नट यंत्राने आवळून दिले. तेवढ्यावर विसंबू नका. मी टॉर्क रेंच सोबत नेते. पन्नास मैलांनंतर थांबून तपासलं तर दोन नट पाव पाव फेरा फिरले. शंभर मैलांनंतर एकही नाही.

अकरा हजार मैलांत कसे वागले? हवा धरून ठेवतात. महिनाभर उभा ठेवून पाहिलं तर एक-दोन पीएसआयचा फरक. झीज चारही चाकांवर सारखी. ट्रेलर आधीपेक्षा सरळ चालतो, पिकअपमागे शेपटी हलवणं कमी झालंय. कडक मात्र आहेत. पहिल्या दिवशी मुक्कामाला पोचून दार उघडलं तर कपाटं उघडी आणि दोन कप जमिनीवर. त्यात टायरचा दोष धरत नाही, 65 वरून 80 वर गेलं की एवढं होणारच. कपाटांना आता कड्या आहेत.

सेन्सरमुळे एक नवा वाद सुरू झाला. सकाळी थंड असताना 80 भरलेली हवा दुपारी उन्हात 92-93 दाखवते, आणि सूर्याकडच्या बाजूला आणखी तीन जास्त. पहिल्यांदा ह्यांनी गाडी कडेला घेतली.

"अगं, त्र्याण्णव झालेत. थोडी सोडू का?"

"हात लावू नका."

"फुटेल ना!"

"आत्ता सोडलीत तर संध्याकाळी गार होऊन साठ-सत्तरवर येईल, आणि उद्या तशीच घेऊन निघाल. तेव्हा फुटेल."

साइडवॉलवर लिहिलेला आकडा थंड टायरचा असतो. तापल्यावर वाढणारी हवा टायर बनवताना धरलेली असते. टायरला मारते ती कमी हवा. कमी हवेत साइडवॉल दर फेऱ्याला जास्त वाकते, वाकून तापते, आणि तापून थर सुटतात. म्हणून गेज सकाळी, चहाच्या आधी, उन्हं टायरवर पडायच्या आत.

एक टायर फुटला होता, तरी चारही का बदलले असं विचारतात. फुटलेल्याच्या पुढचा तरी सोडायचा नव्हताच. मागचा गेल्यापासून आम्ही थांबेपर्यंत डाव्या बाजूचे 4,590 पौंड त्या एकट्याच्या अंगावर होते, आणि तो 2,540 वाला. बाहेरून धड दिसत होता. उजवीकडचे दोन त्याच वयाचे. आणि स्टेपनीसुद्धा त्याच आठवड्याची, सहा वर्षं ट्रेलरखाली लटकून भेगा पडलेली. तिच्यावर आम्ही 50 च्या वेगाने जीव मुठीत धरून घरी आलो. म्हणून पाच.

रस्त्यात चाक बदलायचं तर जॅक ॲक्सलखाली लावू नका, नळी वाकते. आम्ही शेजारचं चांगलं चाक लेव्हलिंगच्या फळ्यांवर चढवलं, फुटलेलं आपोआप वर उचललं गेलं. वीस मिनिटांचं काम, फळ्या हाताशी असतील तर. आमच्या तेव्हा पलंगाखाली, सगळ्या सामानाच्या तळाशी होत्या. आता दारातच असतात, टॉर्क रेंचच्या शेजारी. त्याच कप्प्याच्या झडपेवर आतून मार्करने लिहून ठेवलंय: 1423, थंड 80, आणि खाली, "2028 च्या उन्हाळ्याआधी पाचही."