टेबल सॉची स्लेड : एक सर्वकामी की दोन एककामी?

घरच्या कार्यशाळेत टेबल सॉ (टेबलातून वर आलेले गोल ब्लेड फिरवणारे यंत्र) आला की फळी लांबीच्या दिशेने चिरणे लवकर जमते. अडते ते आडव्या कापणीत. यंत्राबरोबर मिळणारा मायटर गेज (लाकूड टेकवून ढकलायचा सरकता कोनमापक) आखूड असतो, त्याची एकच पट्टी खोबणीत किंचित हलते, आणि फूटभर रुंदीची फळी त्याला टेकवून ढकलली की टेबलाशी होणाऱ्या घर्षणामुळे ती काटकोनातून सरकते. स्लेड हा या अडचणीवरचा जुना आणि खात्रीचा उपाय आहे. खाली खोबणींत सरकणारे दोन रनर, त्यांवर सपाट तळफळी आणि तळफळीवर ब्लेडशी काटकोनात बसवलेली फेन्स, म्हणजे लाकूड टेकवायची उभी पट्टी, एवढीच तिची रचना असते. कापायचे लाकूड टेबलावर घासत जाण्याऐवजी स्लेडवर स्थिर राहते आणि स्लेडच पुढे सरकते. म्हणून ती बांधावी की नाही याबद्दल फारसे मतभेद नाहीत. मतभेद आहेत ते कोणती बांधावी याबद्दल, आणि जागा कमी असलेल्या माणसाला हा निर्णय प्लायवूड कापण्याआधीच घ्यावा लागतो.

पर्याय ढोबळमानाने तीन आहेत. पहिला, केवळ ९० अंशांत कापणारी, फेन्स कायमची पक्की केलेली साधी स्लेड. दुसरा, टी-ट्रॅक (बोल्टचे डोके सरकवता येणारी खाचेची धातूची पट्टी) बसवलेली आणि फेन्स हव्या त्या कोनात फिरवता येणारी सर्वकामी स्लेड. तिसरा या दोहोंच्या मधला : फेन्स पक्कीच ठेवायची, पण मधली पट्टी बदलता येईल आणि ४५ अंशांसारखी जोडणी वरून बसवता येईल अशी तजवीज सुरुवातीपासून करायची. एकाच रनरवर चालणारी, ब्लेडच्या एकाच बाजूला राहणारी छोटी स्लेडही अनेक जण बांधतात. ती हलकी असते आणि लहान तुकड्यांना पुरते, पण कापून सुटणाऱ्या तुकड्याला तिचा आधार नसतो. म्हणून मुख्य स्लेड म्हणून तिचा येथे विचार केलेला नाही.

पक्की फेन्स आणि पाच कापांची चाचणी

पक्क्या फेन्सचे सर्वांत मोठे बळ असे की तिची अचूकता एकदा मोजून ठरवता येते आणि पुढे ती टिकते. गुण्या लावून काटकोन पाहणे येथे पुरत नाही, कारण गुण्याची बाजू आखूड असते आणि डोळ्याला दिसणारा फरक ढोबळ असतो. त्यासाठी पाच कापांची चाचणी वापरतात. साधारण चौरस तुकड्याची एक कड कापायची, नुकतीच कापलेली कड फेन्सला टेकवून दुसरी कापायची, आणि असेच फिरवत चारही कडा झाल्या की पाचव्या कापात इंचभर रुंदीची पट्टी काढायची. प्रत्येक वळणावर फेन्सची चूक आधीच्या चुकीत मिळत जाते, त्यामुळे पट्टीच्या दोन टोकांच्या रुंदीतला फरक हा मूळ चुकीच्या चौपट असतो. समजा, पट्टी ४०० मिमी लांब आहे आणि व्हर्निअर कॅलिपरने दोन टोकांत ०.४० मिमी फरक आला, तर प्रत्यक्ष चूक ४०० मिमीला ०.१० मिमी इतकी आहे. फेन्स ज्या स्क्रूभोवती फिरवायची त्यापासून दुसरे टोक ६०० मिमी दूर असेल, तर ते टोक ०.१५ मिमी सरकवावे लागेल. एवढे सूक्ष्म सरकवणे हाताच्या अंदाजाने होत नाही. फेन्सच्या मागे एक ठोकळा फीलर गेजच्या (ठरावीक जाडीच्या पातळ पात्यांच्या मापकाच्या) पातीसह टेकवून क्लॅम्प करायचा, पाती काढून घ्यायची आणि मोकळ्या झालेल्या फटीत फेन्स ठोकळ्याला भिडवायची. (फेन्स उलट दिशेला सरकवायची असेल तर ठोकळा नुसता भिडवून क्लॅम्प करायचा आणि पाती मध्ये घालून फेन्स तिला टेकवायची.) दोन-तीन फेऱ्यांत समाधानकारक माप आले की उरलेले स्क्रू घट्ट करायचे, आणि त्यानंतर त्या फेन्सला हात लावायचा नाही.

उणीव उघड आहे. ही स्लेड दुसऱ्या कोनात कापत नाही. शिवाय तिरक्या ब्लेडने किंवा जाड पात्याने एकदा तिच्यावर काम केले की तळफळीतली चीर रुंद होते आणि कापाच्या कडेला मिळणारा तंतोतंत आधार कायमचा जातो. मग सागाच्या किंवा विनिअर लावलेल्या प्लायवूडच्या खालच्या कडेचे तंतू उचकटू लागतात.

फिरती फेन्स : सोय आणि तिची किंमत

सर्वकामी स्लेडचे आकर्षण समजण्यासारखे आहे. एकाच वस्तूत काटकोनी काप, फोटोफ्रेमचे ४५ अंश, अष्टकोनी ट्रेचे साडेबावीस अंश, वर लाकूड दाबून धरणारे क्लॅम्प, आणि हे सर्व भिंतीवरच्या एका खुंटीला टांगता येते. ज्यांची कार्यशाळा म्हणजे सदनिकेची बाल्कनी किंवा वाहनतळातला एक कोपरा आहे, त्यांना हा युक्तिवाद पटकन पटतो.

परंतु फिरणाऱ्या फेन्सला फिरण्यापुरती ढिलाई लागते, आणि तीच ढिलाई काटकोनाच्या मुळावर येते. ८ मिमीच्या बोल्टसाठी साडेआठ मिमीचे भोक पाडले, तर अर्धा मिलिमीटर हालचाल उरते. ४०० मिमी लांबीच्या फेन्सवर ती अंशाच्या सात शतांशांएवढी दिसते. हा आकडा क्षुल्लक वाटेल, पण ३०० मिमी रुंदीच्या फळीवर त्याचा अर्थ जवळपास ०.४ मिमी होतो, आणि कपाटाच्या चार फळ्या एकमेकींना जुळवताना तेवढी फट सरळ डोळ्यांत भरते. नेमके भोक पाडून आणि काटकोनाच्या जागी थांबा बसवून ही ढिलाई कमी करता येते, तरी फेन्स ४५ अंशांवर नेऊन परत आणली की काटकोन पुन्हा तपासणे आलेच. न तपासता काम पुढे नेण्याचा मोह होतो, आणि माझ्या मते या बांधणीचा खरा दोष तोच आहे.

दुसरा मुद्दा कमी बोलला जातो. फेन्स फिरवायची तर तिचे टोक ब्लेडच्या वाटेतून मागे राखावे लागते, त्यामुळे कापाच्या अगदी मागे लाकडाला आधार उरत नाही आणि मागची कड फुटण्याचा संभव वाढतो. फेन्सवर सरकणारी बळीची पट्टी (ब्लेडने कापली गेली तरी चालेल अशी) लावून हे सावरता येते, पण मग प्रत्येक कोनाला ती पट्टी पुन्हा जुळवणे आले.

टी-ट्रॅकचा हिशेबही आधी करावा. बाजारात सहज मिळणारा ३० मिमी रुंदीचा ट्रॅक जवळपास १३ मिमी खोल असतो. १८ मिमी तळफळीत तो बुजवला की खाली जेमतेम ५ मिमी लाकूड उरते, आणि १२ मिमी तळफळीत तो मावतच नाही. १९ मिमी रुंदीचा अरुंद ट्रॅक साधारण साडेनऊ मिमी खोलीचा असतो, तो तुलनेने बरा. लांबच्या लांब दोन-तीन खाचा पाडलेली तळफळी त्या रेषांवर वाकू लागते, म्हणून ट्रॅक तळफळीत घालण्यापेक्षा फेन्सच्या माथ्यावर घालणे मला अधिक शहाणपणाचे वाटते. लांबीचा थांबा सरकवण्यासाठी तो तिथेच सर्वाधिक उपयोगी पडतो.

मधला मार्ग

तिसऱ्या पर्यायात तळफळीचे दोन भाग करतात, मध्ये सुमारे १०० मिमी जागा सोडतात, आणि दोन्ही भाग पुढच्या-मागच्या फेन्सने एकत्र बांधतात. दोन्ही भागांच्या आतल्या कडेला खाच घेऊन तिच्यात ६ मिमी प्लायवूडची किंवा एमडीएफची पट्टी स्क्रूने बसवतात. चीर रुंद झाली की पट्टी बदलायची, तिरक्या ब्लेडसाठी वेगळी ठेवायची, बॉक्स जॉइंटसाठी (पेटीच्या कोपऱ्यातल्या दातेरी सांध्यासाठी) वेगळी. पहिल्या पर्यायाची मोठी उणीव एवढ्याने नाहीशी होते. बांधणीला वेळ जास्त लागतो हे मान्य, आणि दोन्ही फेन्स जाड व सरळ असणे येथे अनिवार्य ठरते, कारण स्लेडचा सारा कणखरपणा त्यांच्यावरच उभा असतो.

४५ अंशांसाठी फेन्स फिरवायची गरज पडत नाही. एकमेकींशी नेमक्या ९० अंशांत जोडलेल्या दोन पट्ट्यांची, वरून पाहता बाणाच्या टोकासारखी दिसणारी जोडणी तळफळीवर दोन बोल्टांनी बसवायची. तिचे सौंदर्य असे की ती पूर्ण जोडणी किंचित तिरकी बसली तरी चौकटीचा कोपरा बिघडत नाही. डाव्या पट्टीवर ४५.२ अंशांचा काप आला, तर उजवीवर ४४.८ चा येतो आणि बेरीज ९०च राहते. अट इतकीच, की कोपऱ्यात भेटणाऱ्या दोन तुकड्यांपैकी एक डावीकडे आणि दुसरा उजवीकडे कापला पाहिजे. फिरत्या फेन्सवर मात्र चौकटीचे आठही काप एकाच बाजूने होतात; तिथे पाव अंशाची चूक असेल तर ती आठ वेळा साठते आणि शेवटचा कोपरा दोन अंशांनी उघडा राहतो.

वारंवार वेगवेगळे कोन लागणाऱ्यांसाठी, उदाहरणार्थ अनेक तुकडे चिकटवून लेथवर वाडगे घडवणाऱ्यांसाठी, फिरती फेन्स खरोखर उपयोगाची आहे. तेव्हाही ती वेगळी, छोटी स्लेड म्हणून बांधावी आणि काटकोनाचे काम तिच्याकडून घेऊ नये. खण, पेट्या, फडताळे आणि फोटोफ्रेम एवढाच पसारा असेल, तर तिसरा पर्याय घ्यावा. पहिलाच प्रयत्न असेल आणि आठवड्याभरात कामाला लागायचे असेल, तर साधी पक्की स्लेड बांधावी; ८ बाय ४ फुटांच्या प्लायवूडचा चौथा हिस्सा, म्हणजे ४ बाय २ फुटांचा तुकडा, तिच्या तळफळीला पुरून उरतो.

तळफळी, रनर आणि पावसाळा

७५० बाय ६०० मिमीची १८ मिमी जाड प्लायवूडची तळफळी केवळ स्वतःच पाच-साडेपाच किलो भरते. १२ मिमीची साडेतीन किलोंच्या आसपास. फेन्स आणि जोडण्या धरल्या की सर्वकामी स्लेड सहज आठ-नऊ किलोंवर जाते आणि ती रोज उचलून ठेवणे कंटाळवाणे होते. जाडीचा परिणाम कापाच्या खोलीवरही होतो. २५४ मिमी ब्लेडच्या यंत्रावर सरळ कापाची खोली साधारण ७५ ते ८० मिमी मिळते, त्यातले १८ मिमी तळफळीत जातात.

एमडीएफ सपाट मिळते व स्वस्त पडते, पण कोकणात किंवा मुंबईत जून ते सप्टेंबर ते ओल धरून फुगते आणि रनरचे स्क्रू त्यात सैल होतात. आयएस ७१० मानकाचे मरीन प्लायवूड महाग असले तरी ओलीला टिकते. मात्र दुकानातच सरळ पट्टी लावून त्याचा बाक पाहून घ्यावा, कारण मानक सपाटपणाची हमी देत नाही. वर सनमायका लावायचा असेल तर खालूनही लावावा. एकाच बाजूला लावला की तळफळी वाकते.

रनरसाठी साग चांगला, पण त्याचीही रुंदी हवेबरोबर बदलते. पावसाळा आणि उन्हाळा यांच्यात १९ मिमी रुंदीच्या रनरला एक-दोन दशांश मिलिमीटरचा फरक पडू शकतो, म्हणजे मे महिन्यात अचूक बसलेला रनर ऑगस्टमध्ये अडकतो. वलये उभी दिसतील अशा रीतीने चिरलेला तुकडा घेतला तर हा फरक जवळपास निम्मा होतो. नायलॉन किंवा एचडीपीईच्या पट्ट्या ओलीने फारशा बदलत नाहीत, परंतु स्क्रू जास्त आवळला की त्याच्या आजूबाजूला फुगतात. लोखंडी पट्टी घ्यायची तर मापाची अडचण येते : बाजारात २० मिमीची पट्टी सहज मिळते, पण बहुतेक मोठ्या यंत्रांच्या खोबणी पाऊण इंचाच्या, म्हणजे १९ मिमीच्या असतात. छोट्या यंत्रांच्या खोबणी तर वेगळ्याच मापाच्या निघतात, म्हणून ऐकीव मापावर रनर कापू नये. रनर चिकटवताना खोबणीत खाली एक-दोन नाणी ठेवली की तो टेबलाच्या पातळीच्या किंचित वर येतो आणि तळफळी नेमकी त्यावर बसते.

टेबलाची लांबी आणि हातांची जागा

मोठी स्लेड म्हणजे चांगली स्लेड हा समज सुटसुटीत यंत्रांवर महागात पडतो. अशा अनेक यंत्रांचे टेबल पुढून मागे सहाशे मिलिमीटरच्या आत असते आणि ब्लेडच्या पुढे त्यातली थोडीच जागा उरते. ६०० मिमी खोल स्लेडवर, दोन फेन्सची जाडी वजा जाता, सव्वापाचशे मिमी रुंदीची फळी मावते खरी, पण कापाच्या सुरुवातीला स्लेडचा मोठा भाग टेबलाबाहेर लोंबतो आणि ती पुढे झुकते. अशा यंत्रावर ४५० मिमी खोलीत समाधान मानावे.

तिन्ही बांधण्यांत ब्लेड शेवटी कारागिराच्या बाजूच्या फेन्समधून बाहेर येते. तिथे फेन्सच्या मागे जाड ठोकळा चिकटवणे आणि ब्लेड त्या ठोकळ्याबाहेर येण्याआधीच स्लेड अडेल असा थांबा टेबलाला लावणे, हे पर्यायी काम नव्हे. ब्लेड तिरके करता येणाऱ्या स्लेडवर हा ठोकळा बाजूंनाही रुंद लागतो, कारण ब्लेडची बाहेर येण्याची जागा सरकते. तुकड्यांची लांबी ठरवण्यासाठी यंत्राची उभ्या कापणीची फेन्स थांबा म्हणून वापरू नये. सुटलेला तुकडा ती फेन्स आणि ब्लेड यांच्यामध्ये अडकून उलट फेकला जातो. रिव्हिंग नाइफ (ब्लेडच्या लगेच मागे उभी असणारी, काप मिटू न देणारी पाती) ब्लेडच्या कापापेक्षा पातळ असल्याने स्लेडच्या चिरेतून जाते, तेव्हा ते काढू नये.

अमेरिकेत गॅरेजमध्ये काम करणाऱ्या मराठी वाचकांपैकी ज्यांच्याकडे सॉस्टॉपचे यंत्र आहे, त्यांनी टी-ट्रॅक ब्लेडच्या वाटेपासून दूरच थांबवावा. ब्लेडला वीजवाहक वस्तू लागताच ते यंत्र ब्रेक मारून ब्लेड थांबवते, आणि ॲल्युमिनियम व बोट यांत ते फरक करत नाही. एका चुकीच्या स्पर्शात ब्रेकची कार्ट्रिज आणि बहुधा ब्लेडही बदलावे लागते.