सुपरहिरोचं राजकीय व्यंग: होमलँडरची वाट की मालेगावची?

सुपरहिरोतून राजकीय व्यंग करायच्या दोन वाटा आहेत. पहिल्या वाटेत नायकच सत्तेचं तोंड असतो. २०१९ मध्ये सुरू झालेल्या ‘द बॉईज’ या अमेरिकी मालिकेतला सुपरहिरो होमलँडर कॅमेऱ्यासमोर देशभक्त, आत क्रूर, मागे त्याची प्रतिमा विकणारी कंपनी. टीका थेट आणि जहाल. पण तिला मोठा पट लागतो: वाहिन्या, सभा, गर्दी. पैसा कमी पडला की सगळं भाषणबाजीवर येतं.

दुसरी वाट मालेगावची. तिथले दिग्दर्शक शेख नासिर यांच्या सुपरमॅनपटातल्या खलनायकाला घाण प्रिय आहे, आणि नायक काडीपैलवान, यंत्रमागावर राबणाऱ्या गावातला. फैजा अहमद खान यांच्या २००८ च्या माहितीपटात हा सिनेमा करतानाची जुळवाजुळव दिसते. इथे नेत्याचं नाव घ्यावंच लागत नाही. तुंबलेलं गटार कुणाचं, हे प्रेक्षक जाणतो.

खान्देशात अहिराणी लघुपट करणाऱ्यांनी निःसंशय दुसरी वाट धरावी. उडणारा नायक भारनियमनात तारांत अडकला, तरी प्रसंग उभा राहतो. उडताना दाखवायला नटामागे एकरंगी कपडा लावतात आणि संगणकावर तो रंग काढून आकाश बसवतात. पोशाख निळा असेल तर हा कपडा हिरवा लावा. निळ्यावर निळा लावला तर अंगच गायब होतं. कपडा ताणून बांधा, सुरकुतीची सावली पडली की रंग काढताना नटाच्या कडा फाटतात. नट कपड्यापासून सहा-सात फूट पुढे हवा, नाहीतर हिरवी झाक गालावर चढते. कपड्यावर वेगळा, सारखा उजेड द्या.

संवादात मात्र पक्षाचं चिन्ह नको, खुर्ची पुरे. चिन्ह आलं की अर्धा गाव हसायचं थांबतो आणि बाजू घेतो.