माझंच सेवापुस्तक, माहितीच्या अधिकारात मिळवलेलं

निवृत्त होऊन चार महिने झाले तरी उपदान (ग्रॅच्युइटी) हातात पडलं नव्हतं. मग कार्यालयाचं पत्र आलं. सहाव्या वेतन आयोगाच्या वेळी, २००९ साली झालेली वेतननिश्चिती चुकली, जादा वेतन दिलं गेलं, ते उपदानातून वसूल करणार. तेहतीस वर्षं मी सरकारी रुग्णालयांत परिचारिका होते. सात बदल्या झाल्या आणि प्रत्येक वेळी सेवापुस्तक, म्हणजे नोकरीतल्या सगळ्या नोंदींची वही, माझ्या मागून टपालाने फिरलं. चूक नेमकी कुठे आहे ते पाहायचं तर ते पुस्तक डोळ्यांसमोर हवं. तोंडी मागायला तीन फेऱ्या मारल्या. एकदा साहेब नव्हते, एकदा कपाटाची किल्ली नव्हती, तिसऱ्यांदा "पुढच्या आठवड्यात या". शेवटी माहितीच्या अधिकारात अर्ज टाकला. त्या सगळ्याबद्दल हे लिहिते आहे, कारण आमच्यातल्या कितीतरी जणींना वाटतं की हा कायदा रस्त्यांची टेंडरं बाहेर काढणाऱ्या कार्यकर्त्यांचा. तो स्वतःचे कागद मागायलाही तितकाच चालतो.

महाराष्ट्रात राज्य सरकारच्या कार्यालयासाठी जोडपत्र 'अ' हा अर्जाचा नमुना भरायचा, त्यावर १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावायचा. एका अर्जात एकच विषय आणि तोही १५० शब्दांत. मी पहिला मसुदा दोन पानांचा लिहिला होता. त्यात रात्रपाळ्या होत्या, कोविड होता, सगळंच होतं. आमच्याकडे पूर्वी आस्थापना शाखा सांभाळणारे एक निवृत्त लिपिक आहेत. त्यांनी वाचून एवढंच सांगितलं, "सिस्टर, गाऱ्हाणं नको, कागदाचं नाव लिहा." मग दोन ओळी उरल्या: माझ्या मूळ सेवापुस्तकाच्या सर्व पानांच्या साक्षांकित प्रती आणि २००९च्या वेतननिश्चितीची नस्ती (फाइल) टिपणीसह, प्रती घेण्याआधी दोन्हींचं निरीक्षण. आवक टेबलावरच्या मुलीने विचारलं, कशाला हवंय? कलम ६(२) प्रमाणे कारण द्यावं लागत नाही, हे मी शांतपणे सांगितलं आणि पोच घेतल्याशिवाय तिथून हलले नाही. पुढे सगळं त्या पोचेवरच्या तारखेवर चाललं.

उत्तराला ३० दिवसांची मुदत असते. सव्विसाव्या दिवशी पत्र आलं: मागितलेली माहिती वैयक्तिक स्वरूपाची असल्याने कलम ८(१)(ञ) अन्वये देता येत नाही. सोबत सर्वोच्च न्यायालयाच्या २०१२च्या गिरीश रामचंद्र देशपांडे प्रकरणाचा हवाला. त्या रात्री मला झोप लागली नाही. पुस्तक माझं, त्यातल्या नोंदी माझ्या, आणि माझ्यापासूनच माझी गोपनीयता जपली जात होती. देशपांडे प्रकरणात अर्जदाराने दुसऱ्याच एका अधिकाऱ्याची सेवाविषयक कागदपत्रं मागितली होती. ते कलम तिऱ्हाइतापासून आपल्याला जपण्यासाठी आहे. उलट २०११ साली सीबीएसई विरुद्ध आदित्य बंदोपाध्याय या निकालात परीक्षार्थीला स्वतःची तपासलेली उत्तरपत्रिका पाहण्याचा हक्क याच न्यायालयाने मान्य केला आहे. आणखी एक गोष्ट त्या पत्रात नव्हती: अपील कोणाकडे आणि किती दिवसांत करायचं. माहिती नाकारताना ते कळवणं कायद्याने बंधनकारक आहे.

पहिलं अपील ३० दिवसांच्या आत करायचं, जोडपत्र 'ब' आणि २० रुपयांचा स्टॅम्प. मी नवव्या दिवशीच दिलं. वरचे दोन्ही निकाल चार ओळींत लिहिले आणि माहिती नाकारणं योग्य होतं हे सिद्ध करायची जबाबदारी जन माहिती अधिकाऱ्याची, म्हणजे अर्जाला उत्तर देणाऱ्याची, आहे, हे कलम १९(५) नमूद केलं. सुनावणी दहा मिनिटांची झाली. अपिलीय अधिकारी बाईंनी समोरच्या अधिकाऱ्याला एकच प्रश्न विचारला, "पुस्तक कोणाचं आहे?" ते म्हणाले, "यांचंच." बाईंनी तिथेच आदेश सांगायला सुरुवात केली: सात दिवसांत निरीक्षण, त्यानंतर प्रती.

आता निरीक्षणाबद्दल. बहुतेक लोक हा भाग अर्जात लिहीतच नाहीत, आणि माझ्या मते सगळ्यात मोलाचा तोच. पहिल्या तासाला शुल्क नाही. एका कोपऱ्यातल्या टेबलावर त्यांनी पुस्तक ठेवलं. शिवण सुटलेली, कोपरे कुरतडलेले. पहिल्या पानावर माझ्या बोटांचे ठसे, उंची, ओळखीची खूण म्हणून कपाळावरचा व्रण, आणि पंचविशीतली माझी सही. ती सही मी आता तशी करत नाही. काही वेळ मी पान उलटलंच नाही. मग एकेक नोंद वहीत उतरवत गेले. ४१व्या पानावर २००९च्या वेतननिश्चितीची नोंद होती आणि तिच्याखाली वेतन पडताळणी पथकाचा शिक्का, सहीसकट. म्हणजे तपासणी तेव्हाच झाली होती. आक्षेप घेणाऱ्याने ते पान उघडलंच नव्हतं. आणखी एक सापडलं: एका बदलीच्या वर्षाची सेवा पडताळणीची, म्हणजे त्या वर्षीची सेवा तपासल्याची, नोंदच नव्हती. हे मला प्रती मागवून कळलं असतं की नाही, सांगता येत नाही, कारण झेरॉक्समध्ये ते शिक्के नुसते काळे ठिपके दिसतात.

प्रती ६४ पानांच्या निघाल्या. पानाला २ रुपये, म्हणजे १२८ रुपये. पैसे भरल्यावर चौथ्या दिवशी मिळाल्या. दोन पानं वाचता येत नव्हती, ती परत मागून घेतली आणि त्यांनी तक्रार न करता दिली, हे नोंदवलं पाहिजे.

गुण द्यायचे तर कायद्याला मी पाचपैकी पाच देईन, त्या अपिलीय बाईंनाही पाच, आणि नकाराचं छापील पत्र पाठवणाऱ्या टेबलाला एक. दोन स्टॅम्प मिळून तीस रुपये आणि अडीच महिने लागले. त्यातला दीड महिना नुसता त्या एका पत्रामुळे गेला. माझी एक मैत्रीण दुसऱ्या अपिलासाठी राज्य माहिती आयोगाकडे गेली, तिला वर्ष उलटून गेलं तरी सुनावणीची तारीख नाही. म्हणून पहिलं अपील मन लावून लिहा, तिथेच काम होऊ द्या.

४१व्या पानाची प्रत जोडून मी निवेदन दिलं. माझ्यासारख्या गट 'क' कर्मचाऱ्याकडून निवृत्तीनंतर अशी वसुली करू नये, असं २०१४ साली पंजाब राज्य विरुद्ध रफिक मसीह निकालात म्हटलं आहे, तोही उल्लेख केला. तीन आठवड्यांनी आक्षेप मागे घेतल्याचं पत्र आलं. हरवलेल्या सेवा पडताळणीच्या नोंदीसाठी जुन्या रुग्णालयाला वेगळा अर्ज दिला आहे. त्याची पोच त्याच फाइलमध्ये लावली आहे.

नोकरीत असलेल्या माझ्या सगळ्या सिस्टर्सना एकच विनंती. दुय्यम सेवापुस्तक, म्हणजे मूळ पुस्तकाची आपल्याकडे राहणारी दुसरी प्रत, तुमच्याकडे असेल तर या वर्षीच्या नोंदी या महिन्यातच करून घ्या, आणि मूळ पुस्तकावर वर्षातून एकदा सही मागतात तेव्हा पानं न चाळता सही करू नका. मी तेहतीस वर्षं तशीच करत आले.