मुलांसाठी कमी धक्क्याची, घरी भरलेली ७ एमएम-०८ काडतुसं: एक अख्खा सीझन वापरून झाल्यावर

इथे टेक्सासात ऑस्टिन-डॅलसकडचे दोन-तीन जण मुलांसाठीच्या या काडतुसांबद्दल बरेच दिवस विचारतायत म्हणून एकदाच सविस्तर लिहून टाकतो. गेल्या उन्हाळ्यापासून मुलीसाठी (वय ११) कमी रिकॉइलची (धक्क्याची) काडतुसं मी घरीच भरतोय, रेंजवर भरपूर वापरून झाली, युथ सीझनला (फक्त मुलांसाठी राखीव शिकारीचे दिवस) तिने त्यावर हरीणही मारलं, त्यामुळे आता बोलायला हरकत नाही. ज्यांना शिकारीचाच त्रास होतो त्यांनी इथूनच मागे फिरा प्लीज, तो वाद मी घरी आईशी फोनवर घालून दमलोय. तिचं म्हणणं आपल्याकडे १९७२ च्या कायद्यापासून हे सगळं बंद आहे आणि तू तिकडे पोरीला हे काय शिकवतोयस. इथल्या हिल कंट्रीत (टेक्सासातला डोंगराळ भाग) हरणं किती आहेत आणि लीजचा (शिकारीसाठी भाड्याने घेतलेल्या जमिनीचा) मालक स्वतःहून माद्या कमी करायला का सांगतो हे तिला फोनवर पटवणं माझ्याच्याने झालं नाही. असो.

आधी हे का करावं लागलं ते. मुलं शूटिंगपासून लांब पळतात ती बहुतेक वेळा एकाच कारणाने, पहिल्याच दिवशी कोणीतरी काका-मामा हौसेने त्यांच्या हातात स्वतःची थर्टी-ओ-सिक्स (जोरदार धक्क्याची मोठी रायफल) देतो. खांदा दुखतो, कानात शिट्टी वाजते, आणि मग पुढचे कित्येक महिने चाप ओढताना डोळे आपोआप मिटतात. इथे त्याला फ्लिंच म्हणतात आणि एकदा लागला की जाता जात नाही. मोठ्या माणसांचा जात नाही तर मुलांचं काय घेऊन बसलात.

रायफल रुगर अमेरिकन कॉम्पॅक्ट, ७ एमएम-०८ मध्ये. नळी १८ इंच, दस्ता साडेबारा इंच, स्कोपसकट वजन साधारण ७ पाउंड. सगळे सांगतात लहान मुलांना .२४३ (याहून हलकं काडतूस) घ्या, चांगलंच आहे ते, १९५५ पासून लोक त्यावर हरणं मारतायत. पण मला अशी रायफल हवी होती जी पोरगी कॉलेजात गेली तरी पुरेल. ७ एमएम-०८ म्हणजे .३०८ या काडतुसाचीच केस (पितळी पुंगळी) मान आवळून केलेली, रेमिंग्टनने १९८० मध्ये बाजारात आणली, पूर्ण ताकदीने भरली तर एल्कपर्यंत (थोराड जातीचं हरीण) चालते आणि खाली आणली तर अकरा वर्षांची मुलगी हसत हसत मारते. हे खाली आणणं म्हणजेच सगळा खेळ आहे.

खाली आणायचं म्हणजे पावडर (दारू) कमी टाकायची, एवढं सोपं असतं तर हा रिव्ह्यू चार ओळींत संपला असता. कुठलीही पावडर मनाला येईल तशी कमी करायची नसते. सावकाश जळणाऱ्या पावडरी मोठ्या केसमध्ये फारच कमी टाकल्या तर दाब कमी होण्याऐवजी अचानक भलताच वर जाऊन रायफली फुटल्याच्या घटना आहेत, म्हणून 'थोडी कमी टाकली तर काय होतंय' हा विचार इथे चालत नाही. ज्या पावडरवर सगळे विश्वास टाकतात ती हॉजडनची एच४८९५, आणि तिच्यासाठी कंपनीनेच नियम दिलाय: काडतुसं भरायच्या मॅन्युअलमध्ये तुमच्या काडतुसाला आणि बुलेटला (नळीतून उडणारी गोळी) एच४८९५ चा जो कमाल चार्ज (पावडरचं प्रमाण) लिहिलाय त्याच्या ६० टक्क्यांपर्यंत खाली जाता येतं. त्याच्या खाली नाही. आणि त्या काडतुसाच्या पानावर एच४८९५ दिलेलीच नसेल तर हा नियम लागूच होत नाही, तिथे अंदाजपंचे करू नका. नावात नंबर तोच असला तरी आयएमआर ४८९५ ही वेगळी पावडर आहे, दुकानात डबा उचलताना नीट वाचा. मी इथे ग्रेनचे (पावडर आणि बुलेटच्या वजनाचं माप) आकडे मुद्दाम देत नाहीये, कोणाच्या तरी पोस्टवरून चार्ज उतरवून घेणं ही सवयच वाईट, मॅन्युअल उघडा.

मी दोन प्रकार भरले. एक प्रॅक्टिसचा, ६० टक्क्यांच्या जरासाच वर, १२० ग्रेनची बुलेट, वेग सेकंदाला १९०० फुटांच्या आसपास. दुसरा शिकारीचा, तीच १२० ग्रेनची नॉसलर बॅलिस्टिक टिप पण वेग साधारण २३५०. गणित मांडलं तर या ७ पाउंडी रायफलमध्ये प्रॅक्टिसच्या काडतुसाचा धक्का ५ फूट-पाउंडाच्या (ऊर्जेचं माप) आसपास येतो, शिकारीच्याचा ८, आणि १४० ग्रेनचं दुकानातलं फुल पॉवर काडतूस घेतलं तर १६. म्हणजे शिकारीचा लोड (भरलेलं काडतूस) सुद्धा बरोबर अर्ध्यावर. प्रॅक्टिसवाला तर खांद्यावर मित्राने थाप मारल्यासारखा लागतो बस.

पण धक्क्यापेक्षा आवाजाचा फरक जास्त पडला असं माझं स्पष्ट मत झालंय. १८ इंची नळीतून फुल लोड मारला की शेजारच्या बेंचवरचा माणूस वळून बघतो. पावडरच कमी असल्यामुळे तो फटाका बराच खाली येतो आणि मूल दचकत नाही. तरी कानात फोमचे प्लग आणि त्यावर मफ (कान झाकणारी आवरणं), दोन्ही, रेंजवर यात सूट नाही. मझल ब्रेक (नळीच्या तोंडाशी गॅस बाजूला फेकणारा तुकडा) लावा म्हणून सल्ला देणारे भेटतील, धक्का कमी होतो हे खरं पण आवाज दुप्पट वाटतो, लहान मुलांच्या रायफलला ब्रेक लावणं मला तरी उलटा कारभार वाटतो. सप्रेसर (आवाज दाबणारी नळी) टेक्सासात चालतो, पण त्याचे फॉर्म आणि फिंगरप्रिंट करत बसायचा उत्साह मला नव्हता.

अचूकतेची मला खरं तर काळजी होती, कारण अर्धी रिकामी केस म्हणजे पावडर कधी पुढे सरकते कधी मागे, आणि त्याने वेग वरखाली होतो. प्रॅक्टिसवाल्यात तो होतोच, क्रोनोग्राफवर (वेग मोजायचं यंत्र) दिसतं, पण ५० यार्डांवर कागदाला फरक कळत नाही. शिकारीवाला १०० यार्डांवर मी बसून मारला तर दीड इंचाच्या आत येतो, हरणासाठी भरपूर झालं. एक मात्र ध्यानात ठेवा, फुल लोडला झिरो केलेला (नेम जुळवलेला) स्कोप या काडतुसांना चालत नाही, नेम खाली जातो आणि कधीकधी बाजूलाही सरकतो. ज्या काडतुसाने शिकार करणार त्यानेच झिरो करा. आमचा १०० ला झिरो आहे, १५० ला दोन-अडीच इंच खाली लागतं, पण तो प्रश्न आमच्यात येतच नाही कारण तिला १०० च्या पुढे मारायची परवानगीच नाही.

ही मर्यादा मी का घातली ते सांगतो कारण इथेच लोक घोटाळा करतात. बुलेट फक्त लागून उपयोग नसतो, आत जाऊन उमलावी लागते, आणि त्यासाठी तिला किमान वेग लागतो. बॅलिस्टिक टिपला नॉसलर १८०० फूट सांगते. माझी काडतुसं १०० यार्डांवर अजून २१५० च्या आसपास असतात, १२०० फूट-पाउंड ऊर्जा शिल्लक, म्हणजे हातात भरपूर मार्जिन. पण प्रॅक्टिसवाली काडतुसं चुकून शिकारीला नेली तर १०० यार्डांवर वेग त्या आकड्याच्या खाली उतरलेला असणार, बुलेट सुईसारखी आरपार जाईल आणि हरीण जखमी होऊन झाडीत गायब. म्हणून दोन्हींचे डबे वेगळे, प्रॅक्टिसच्या प्राइमरवर (केसच्या बुडातली ठिणगी देणारी टोपी) लाल मार्कर, आणि शिकारीच्या सकाळी खिशात फक्त एकच प्रकार. निव्वळ तांब्याच्या बुलेट सहसा याहून जास्त वेग मागतात, कमी लोडसाठी शिशाच्या गाभ्याची मऊ बुलेटच बरी.

आता कटकटी. केसच्या मानेवर काळी काजळी येते, कारण दाब कमी असल्याने मान चेंबरला (रायफलमध्ये काडतूस बसतं ती जागा) नीट चिकटत नाही आणि गॅस मागे येतो. पहिल्यांदा बघितलं की घाबरायला होतं, पण नॉर्मल आहे, पुसायची. प्राइमर कधीकधी किंचित बाहेर आलेला दिसतो, तेही कमी दाबामुळेच. मात्र तीच ब्रास (रिकामी केस) पुन्हा पुन्हा कमी लोडला वापरली तर फायरिंग पिनच्या फटक्याने केसचा खांदा हळूहळू मागे जातो, म्हणून ही ब्रास मी फुल लोडला कधीच वापरत नाही, वेगळीच ठेवतो. डबल चार्जची (एकाच केसमध्ये चुकून दोनदा पावडर पडण्याची) भीती सगळ्यांना असते, तर इथे एच४८९५ चा एक फायदा सांगतो, ६० टक्क्यांवर दोनदा पावडर पडली तर ७ एमएम-०८ च्या केसमधून सांडतेच, लगेच कळतं. शिकारीच्या लोडला तर प्रश्नच नाही. पिस्तुलाच्या जलद पावडरी वापरून कमी लोड करणारे लोक आहेत, त्यात तळाशी चिमूटभर पावडर असते आणि दुप्पट पडली तरी केस रिकामीच दिसते, लहान मुलाच्या गालाशी असलेल्या रायफलमध्ये मी ते करणार नाही. तरीही बुलेट बसवण्याआधी सगळ्या केसेस ब्लॉकमध्ये उभ्या करून टॉर्च मारून बघतो, दरवेळी. कमी लोडसाठीच्या ट्रेल बॉस पावडरबद्दल विचाराल तर ती हल्ली मिळतच नाही, आणि मिळाली तरी कागद फोडण्यापुरती, हरणासाठी वेग कमी पडतो.

आमचं शिकवणं असं झालं की आधी .२२ वर (जेमतेम धक्क्याची छोटी रायफल) बरेच महिने, मग प्रॅक्टिसवाला लोड, मग एक दिवस तिला न सांगता मॅगझिनमध्ये मधूनच डमी काडतूस घालायला लागलो. चाप ओढल्यावर नुसतं टक् वाजलं की नळी हलते का ते बघायचं. हलत नव्हती. त्यानंतर शिकारीचा लोड दिला तर म्हणाली, "बाबा, हे जरा मोठं वाजतंय का?" बस एवढंच. माझ्या दृष्टीने सगळ्या खटाटोपाचा निकाल त्या वाक्यात लागला.

ऑक्टोबरच्या युथ वीकेंडला एका ऑफिसातल्या मित्राच्या लीजवर गेलो, लानोकडे. ब्लाइंडमध्ये (लपून बसायची खोपटी) ती पुढे, मी शेजारी, रायफल ट्रायपॉडवर. फीडरवर (हरणांसाठी दाणे टाकणारं यंत्र) माद्या आल्या, एक आडवी उभी राहीपर्यंत थांबायला सांगितलं, ७० यार्ड असेल. दोन्ही फुप्फुसांतून आरपार, पन्नासेक पावलं पळाली आणि पडली. बाहेर पडलेलं भोक नाण्याएवढं, मांसही फारसं खराब झालं नाही, फुल लोडला पुढचा अख्खा खांदा फेकावा लागतो कधीकधी. हिल कंट्रीतल्या माद्या लहानखुऱ्या असतात हेही धरा. उत्तरेकडे विस्कॉन्सिन-मिशिगनचे थोराड नर मारायचे असतील तर लोड थोडा वर न्या, अंतर तेवढंच ठेवा. कायद्याचं म्हणाल तर इथे हरणाला रिमफायर (.२२ सारखी छोटी काडतुसं) चालत नाही, सेंटरफायरच (७ एमएम-०८ सारखं) लागतं, आणि मुलांचं हंटर एज्युकेशन (शिकारीचा सुरक्षा कोर्स) ९ व्या वर्षापासून करता येतं, ते सोबत मोठं माणूस असणार असलं तरी करूनच घ्या.

पैशांचं गणित प्रामाणिकपणे सांगायचं तर प्रेस, डाय, काटा हे सगळं माझ्याकडे आधीपासून होतं. फक्त पोरासाठी एका सीझनपुरतं नव्याने हे सगळं घेणार असाल तर नका घेऊ, हॉर्नडीची कस्टम लाइट (दुकानात तयार मिळणारी कमी धक्क्याची काडतुसं) घ्या, ७ एमएम-०८ मध्ये १२० ग्रेनचीच येते, शिकारीला उत्तम. पण ती महाग पडते आणि मुलांना खरी गरज असते ती भरपूर सरावाची, तिथे मोजून मापून काडतुसं द्यायची वेळ आली की सरावच होत नाही. घरच्या काडतुसांचा फायदा शिकारीच्या एका गोळीत नाहीये, त्याआधीच्या डबाभर गोळ्यांत आहे.

.३०८ वाल्यांनी विचारलं होतं की हे त्यांच्या रायफलीत जमेल का, तर तुम्हाला नवी रायफल घ्यायची गरज नाही. एच४८९५ आणि १२५ ग्रेनची शिकारीची बुलेट, नियम तोच. पण बापाचा पावणेचौदा इंची दस्ता मुलाच्या गळ्यात मारू नका, गाल स्कोपपाशी पोचत नाही, मान ताणली जाते, आणि मग कितीही मऊ काडतूस भरा, स्कोप भुवईवर बसणारच. सिंथेटिक दस्ता स्वस्तात मिळतो, तो कापून घ्या, मूल वाढलं की जुना परत चढवता येतो.